मायेचं माप

कुत्रा घरी आला की त्याला नाव मिळतं, गळ्यात पट्टा येतो, निजायला जुन्या सतरंजीची घडी किंवा विकतची गादी मिळते. त्याच्या अन्नाला मात्र बहुतेक घरांत ठरलेली जागा नसते. खाद्याची पिशवी गॅलरीत चपलांच्या कपाटाला टेकून उभी असते, तोंड मुरडलेलं, वर कपड्यांचा चिमटा. वाडगा कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी असतो, कधी मोरीच्या कडेला. किती घालायचं ते ज्याच्या हातात पिशवी असेल त्याच्या मुठीवर ठरतं. या विस्कळीतपणावर सुतारकामात एक साधा उपाय आहे : एक बुटकं लाकडी बाकडं, त्याच्या फळीत बसवलेले अन्नाचा आणि पाण्याचा असे दोन वाडगे, आणि शेजारी झाकणाची पेटी, जिच्यात महिन्याचं खाद्य राहील. पाहणाऱ्याला ही हौस वाटते. माझं म्हणणं असं की ही वस्तू बांधायला घेणं म्हणजे कुत्र्यावरची आपली माया तपासून घेणं आहे. कारण कुत्र्याची नीट माहिती घेतल्याशिवाय तिचं एकही माप काढता येत नाही.

लाकडाला करवत लावण्याआधी सुतार माप विचारतो. जेवणाच्या टेबलाच्या बाबतीत ते साऱ्यांना ठाऊक असतं, कारण मोठ्या माणसांच्या उंचीत फरक असून असून किती असणार? कुत्र्यांचं तसं नाही. दोन-तीन किलोंचा पॉमेरेनियन आणि साठ किलोंच्या घरातला ग्रेट डेन हे एकाच प्राण्याचे दोन नमुने. आपल्याकडचा गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोंचा, पायांनी उंच आणि पोटाने सडसडीत. लॅब्रॅडॉर त्याच्या दीडपट वजनाचा आणि खायला अधाशी. त्यामुळे उंची किती, पेटी केवढी, झाकण कसं, लाकूड कोणतं, ते रंगवायचं कशाने आणि ठेवायचं कुठे, हे प्रश्न दिसतात सुतारकामाचे. त्यांची उत्तरं मात्र कुत्र्याच्या शरीरात, अन्नाच्या स्वभावात आणि आपल्या हवेत शोधावी लागतात.

उंचीपासूनच सुरुवात करू. असं बाकडं घ्यायचं पहिलं कारण लोक सांगतात ते हेच : वाडगा वर उचलला की कुत्र्याला मान वाकवावी लागत नाही, अन्न नीट उतरतं. ऐकायला पटतं, पण पुरावा वेगळंच बोलतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठ्या आणि अतिमोठ्या जातींच्या सोळाशेहून अधिक कुत्र्यांवर काही वर्षं लक्ष ठेवलं आणि २००० साली निष्कर्ष मांडले. पोट वायूने फुगून पीळ पडणं हा अशा कुत्र्यांचा जीवघेणा आजार. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा हाती लागत नाही. उंचावरच्या वाडग्यातून खाणाऱ्यांत हा धोका जास्त आढळला. पुढच्या काळात इतर संशोधकांनी सगळा पुरावा तपासला तेव्हा तो अपुरा ठरला. पण उंच वाडगा या आजारापासून वाचवतो असं कोणीही दाखवू शकलेलं नाही. उलट बाजूही खरी आहे. मान किंवा कोपरे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला थोडी उंची सुखाची होते. ज्याची अन्ननलिका सैल पडली आहे, त्याला तर पशुवैद्य माणसासारखं सरळ बसवून खायला घालायला सांगतात. त्यासाठी ‘बेली चेअर’ नावाची लाकडी खुर्चीच निघाली आहे. तेव्हा मोठ्या छातीच्या निरोगी तरुण कुत्र्यासाठी वाडगा जमिनीलगत ठेवावा, आणि कुत्रा म्हातारा किंवा आजारी असेल तर पशुवैद्याला विचारून उंची ठरवावी. अशा बाकड्यांची चित्रं पाहून उंची ठरवणारा माणूस आपल्या डोळ्यांची सोय पाहत असतो.

उंचीपेक्षा महत्त्वाची, आणि सहसा दुय्यम मानली जाणारी गोष्ट म्हणजे पेटी. तिचा आकार ठरवायचा तर कुत्रा रोज किती खातो हे कळायला हवं, आणि हा प्रश्न दहा घरांत विचारला तर ‘एक वाडगा’ यापलीकडे उत्तर येत नाही. पशुआहारशास्त्रात याचा हिशेब आहे. पंचवीस किलोंच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १,२५० किलोकॅलरी लागतात. नेहमीच्या कोरड्या खाद्याच्या भाषेत सुमारे ३०० ते ३५० ग्रॅम. म्हणजे महिन्याला दहा किलो. असं खाद्य एका लिटरच्या मापात साधारण ४०० ग्रॅम बसतं. म्हणून आतून लांबी, रुंदी आणि उंची एकेक फूट असलेली चौकोनी पेटी त्याला पुरते. पंधरा किलोंच्या गावठी कुत्र्याला २२५ ग्रॅमच्या आसपास लागतं, त्याला याहून लहान पेटी चालेल. बाजारात वीस किलोंची गोणी किलोमागे स्वस्त पडते आणि ती मावेल एवढी पेटी करायचा मोह होतो. पण फोडलेली गोणी महिना-दीड महिन्यात संपायला हवी. कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून लवकर. एकट्या गावठी कुत्र्याच्या घरी वीस किलोंची गोणी तीन महिने उघडी राहते. तिच्यात वाचलेले पैसे खवट खाद्याच्या रूपाने कुत्र्याच्याच पोटात जातात.

पेटीच्या झाकणाला आतून एक खुंटी हवी आणि तिला मापाचा पेला टांगलेला हवा. या सगळ्या बांधणीत कुत्र्याचं आयुष्य वाढवू शकेल असा भाग कोणता, असं विचारलं तर मी त्या पेल्याकडे बोट दाखवेन. अमेरिकेत लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. भावंडांच्या जोड्या करून एकाला नेहमीसारखं आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री सुमारे १.८ वर्षं जास्त जगली, आणि सांधेदुखीची औषधंही त्यांना उशिरा सुरू करावी लागली. तेरा वर्षांच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं हा मोठा वाटा आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्यांना पोट भरल्याची खूण नीट मिळत नाही. अशा कुत्र्याच्या डोळ्यांत पाहून माप ठरवायचं म्हटलं तर ते कधीच पुरं होणार नाही. त्याची नजर खरी असते, मागणीही खरी असते. तरी पेल्यावरची रेघ त्याच्या हिताची असते. मायेला माप लावणं कोरडेपणाचं वाटतं. पण इथे त्या रेघेइतकी कुत्र्याची काळजी दुसरं कोणी घेत नाही.

आता झाकण. झाकण कशाला, तर तीन शत्रूंना बाहेर ठेवायला : हवा, ओल आणि उंदीर. कोरड्या खाद्यावर चरबीचा थर फवारलेला असतो, त्याच्याच वासाने कुत्रा धावत येतो. हवा लागली की ती चरबी खवटते आणि जीवनसत्त्वं कमी होत जातात. ओल आली की बुरशी धरते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं अचानक मेली. शोध घेता बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड कारण निघाली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. मका आणि शेंगदाणा ही त्या बुरशीची आवडती घरं, आणि स्वस्त खाद्यांत मका असतोच. २०२० च्या अखेरीला अमेरिकेत अफ्लाटॉक्सिन असलेल्या एका खाद्यामुळे शंभराहून अधिक कुत्री दगावल्याचा संशय नोंदवला गेला आणि तो माल परत मागवावा लागला. परत मागवलेला माल आपल्याच घरात आहे का, हे गोणीवरच्या बॅच नंबरवरून कळतं. म्हणून खाद्य पेटीत ओतू नये. मूळ पिशवीसकट ठेवावं. त्यात आणखी एक फायदा असा की चरबीचा राप पेटीच्या भिंतींना धरत नाही आणि जुन्याचा खवटपणा नव्याला लागत नाही.

उंदराचा प्रश्न आपल्याकडे फार गंभीर आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं ही त्याची गरज. आणि पेन्सिलीच्या जाडीच्या फटीतून लहान उंदीर आत शिरतो. त्याच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईने या आजाराचा तडाखा पाहिला, आणि कोकणात भातशेती करणाऱ्यांना तो दर पावसाळ्यात भेडसावतो. कुत्र्याला तो होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. रात्रभर वाडग्यात पडून राहिलेलं खाद्य आणि चिमटा लावलेली पिशवी ही उंदराला दिलेली आमंत्रणं आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. कणगी शेणामातीने लिंपणं, पेवाचं तोंड बंद करणं, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणं, ही साठवणीची विद्या महाराष्ट्राच्या घराघरांत होती. ती विद्या माणसाच्या धान्यासाठी वापरणारं घर कुत्र्याच्या अन्नाला पिशवीचं मुरडलेलं तोंड पुरेसं मानतं, हे मला खटकतं. मात्र धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या इथे कदापि चालणार नाहीत; खाद्याचा कण न् कण कुत्रा चाटून खातो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हवा, ओल आणि उंदीर हेच शत्रू असतील तर लाकूड हवंच कशाला? घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा तिघांनाही अडवतो, धुता येतो आणि स्वस्तही पडतो. आक्षेप बरोबर आहे, आणि त्यामुळे बांधणीत एक दुरुस्ती करावी लागते : लाकडी पेटीच्या आत स्टीलचा किंवा जस्ताच्या पत्र्याचा डबा हवाच, कारण लाकूड स्वतः हवाबंद होत नाही. पावसाळ्यात ते ओल पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पण नुसत्या डब्याने जागा ठरत नाही. डबा फ्रीजवर जातो, पलंगाखाली जातो, पाहुणे आले की गच्चीत उन्हातही जातो. आणि सत्तावीस अंशांच्या वर खाद्य ठेवू नये असं जाणकार सांगतात. उनाड आणि तरतरीत कुत्रा डबा लोळवून उघडतो, हेही खरं. लाकूड डब्याला वजन देतं, सावली देतं आणि घरात पत्ता देतं. वाडगा, डबा, पेला आणि पाणी एका ठिकाणी आले की घरातला कोणीही, लहान मूलसुद्धा, त्याच वेळी तेवढंच घालू शकतो. पेटी अंगाला घट्ट करू नये, डब्याभोवती बोटभर मोकळी जागा सोडावी. आणि पाण्याच्या वाडग्याखाली साठा कधीच करू नये. चित्रांत नेमका तोच आराखडा दिसतो, कारण तो जागा वाचवतो. कुत्रा पाणी पिताना चहूकडे सांडतो आणि ते पाणी भोकाच्या कडेने खाली झिरपतं. साठा शेजारी हवा, बाकड्याची जागा वीतभर वाढली तरी चालेल.

लाकडाची निवडही अशीच बारकाईने करायला हवी. बंदरातून येणाऱ्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या स्वस्त मिळतात. त्यांच्यावर शिक्का असतो : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. दुसऱ्या शिक्क्याची फळी घरात आणू नये, आणि शिक्काच नसेल तीही नको. साग वाळवीला दाद देत नाही पण महाग. आंबा स्वस्त पण त्याला लवकर भुंगा लागतो. प्लायवूड घ्यायचं तर पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्रतीचं, म्हणजे आयएस ७१० चं घ्यावं आणि त्याच्या कापलेल्या कडा पट्टी लावून बंद कराव्यात, कारण ओल तिथूनच शिरते. पिल्लू फळीची कड चावणार हे धरून चालावं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. तेव्हा माळ्यावर पडलेला त्याआधीचा रंगाचा डबा या कामाला वापरू नये. जवसाचं तेल दोन-तीन हात देऊन पूर्ण वाळवलं तरी पुरेसं होतं. वाडगे स्टीलचे आणि रोज काढून घासता येतील असे सैल बसवावेत. जोड खिळ्यांपेक्षा कुसू-खाचेचा चांगला. खिळा सैल होऊन टोक बाहेर येतं, आणि त्या उंचीवर कुत्र्याचा डोळा असतो.

दुसरा आक्षेप जुन्या माणसांचा असतो : कुत्रा पिढ्यान् पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर जगला, त्याला पेटी आणि पेला कशाला? यातला पहिला भाग शास्त्राने खरा ठरवला आहे. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचं पोटही बदललं. ज्वारीची भाकरी, भात, अंडं, उकडलेलं मांस यांवर कुत्रा छान राहतो, आणि विकतच्या खाद्याचा मी आग्रह धरत नाही. पण उरलंसुरलं घालणं वेगळं. आपल्या रश्श्यात कांदा असतो, लसूण असतो. दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिऱ्यातले बेदाणे त्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. शिवाय उरलेलं रोज सारखं नसतं : सणाला ढीग, एरवी चतकोर. कुत्र्यासाठी मुद्दाम रांधणाऱ्या घरालाही तांदळाचा, नाचणीच्या पिठाचा वेगळा साठा लागतो आणि मापही लागतं. पेटी त्यांच्याही कामाची आहे. तिच्यात काय ठेवायचं हे घराने ठरवावं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. माणसं उपाशी असताना कुत्र्याच्या जेवणासाठी सागवान कापायचं? हा प्रश्न टोलवता येणार नाही. माझं उत्तर दोन भागांत आहे. ही पेटी मुळात नासाडी थांबवण्याचं साधन आहे. खवट झालेली गोणी, उंदराने बाटवलेलं खाद्य, मुठीने घातलेलं आणि वाडग्यात वाळलेलं अन्न, आणि पुढे लठ्ठ कुत्र्याचं औषधपाणी, हा खर्च दिसत नाही एवढंच. एकदाच्या सुतारकामापेक्षा तो जास्त आहे. सागवानाचा हट्टही नको, जुन्या कपाटाच्या फळ्या उत्तम चालतात. दुसरं असं की कुत्र्याचा वाटा वेगळा काढणं ही आपल्याकडे श्रीमंतांची चाल कधीच नव्हती. वैश्वदेवानंतरच्या बलिहरणात कुत्र्याचा घास असे. मुंबईचे पारशी आपल्या जेवणातून ‘कुत्रा नो बूक’ बाजूला ठेवत, आणि १८३२ साली सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा त्याविरुद्ध त्यांनी दंगलीपर्यंत मजल नेली. वाटा आधी काढून ठेवणं आणि उरलं तर घालणं यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात त्या प्राण्याचा हक्क मान्य केलेला असतो. दुसऱ्यात फक्त आपली सोय असते. पेटी त्या आधी काढलेल्या वाट्याला टिकाऊ रूप देते.

हीच वस्तू घराच्या दारातून सोसायटीच्या आवारात नेली की तिचं मोल वाढतं. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून आपल्या शहरांत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी गृहसंस्थांवर जबाबदारी टाकली की खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवावी, वेळ ठरवावी आणि घाण राहू देऊ नये. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पालिकांना वॉर्डावॉर्डांत अशा जागा नेमायला सांगितलं आणि रस्त्यात कुठेही खाऊ घालायला मनाई केली. विरोध करणारे म्हणतात की अन्न ठेवलं की कुत्री गोळा होतात आणि चावण्याची भीती वाढते. ती भीती खरी आहे आणि रेबीजच्या देशात ती हसण्यावारी नेणं पाप आहे. पण वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गेटाशी टाकलेल्या भातानेही कुत्री गोळा होतातच, उंदीर आणि माश्याही होतात, आणि टाकणारा निघून गेलेला असतो. कोपऱ्यातल्या कुलूपबंद पेटीतून ठरल्या वेळी, ठरल्या मापाने घातलेलं अन्न पंधरा मिनिटांत संपतं आणि वाडगे उचलले जातात. शिवाय रोज त्याच जागी येणारं कुत्रं ओळखीचं होतं; नसबंदीसाठी आणि लस टोचण्यासाठी तेच पकडता येतं. पेटी एकटी हा प्रश्न सोडवणार नाही, पण नसबंदी आणि लसीकरण यांना ती हाताशी कुत्रा देते, आणि भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना बोलण्यासाठी निश्चित असं काही देते : जागा, वेळ आणि माप.

नामदेवाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. त्या धावण्यातली करुणा श्रेष्ठच आहे, आणि तिच्याशिवाय कुठलीही पेटी नुसता लाकडाचा खोका आहे. पण आपण संत नाही, आणि आपल्याकडे राहणारा कुत्रा दहा-बारा वर्षं रोज दोन वेळा जेवणार आहे. इतक्या वेळा धावत जाण्याची उमेद कोणाचीच टिकत नाही. आजारपण येतं, परगावी जावं लागतं, कंटाळाही येतो. अशा दिवशी कुत्र्याला पुरेसं, ताजं आणि सुरक्षित अन्न मिळेल की नाही हे त्या दिवशीच्या भावनेवर सोडू नये. चांगल्या दिवशी, डोकं शांत असताना, त्याच्या वजनाचा आणि वयाचा हिशेब करून ते आधीच ठरवून ठेवावं. लाकडी पेटीचं सारं काम एवढंच आहे, आणि म्हणून ती बांधावी. ज्याला सुतारकाम जमत नाही त्याने डबा, पेला आणि घराचा एक कोपरा घेऊन हेच करावं. मापं मात्र त्यानेही तीच काढावीत.